गॅमा दिलेलं परमँगनेट लवकर फुटतं, पण खलात घोटलं की फरकच उरत नाही. असं का?

जांभळी_बाटली · बुधवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. एम.एस्सी.चं दुसरं वर्ष, प्रोजेक्ट सबमिशनला पाच आठवडे आहेत आणि मी पार अडकले आहे. विषय आहे गॅमा किरणांचा धातूंच्या क्षारांच्या औष्णिक विघटनावर होणारा परिणाम. गाईड सर बाहेरगावी आहेत. व्हॉट्सॲपवर निळ्या टिका उमटतात, उत्तर येत नाही. म्हणून इथे विचारतेय.

पोटॅशियम परमँगनेट घेतलं, कारण स्वस्त मिळतं आणि त्यावर आधी भरपूर काम झालंय. कोमट पाण्यातून पुन्हा स्फटिक काढले. पहिल्या वेळी कागदी फिल्टरमधून गाळायला गेले तर कागद तपकिरी होऊन विरघळल्यासारखा झाला, मग काचेच्या सिंटर्ड फनेलमधून गाळलं. स्फटिक सुंदर आले, जिऱ्याएवढे लांब, काळेजांभळे, उजेडात धरले की हिरवट चमक. निम्मे ब्राऊन बाटलीत ठेवले, निम्मे छोट्या काचेच्या बाटलीत भरून एका संस्थेच्या गॅमा चेंबरमध्ये पाठवले. कोबाल्ट-६०, ५० तास. चेंबरच्या स्टिकरवर तासाला ४ किलोग्रे लिहिलंय, म्हणजे एकूण २०० किलोग्रे (ग्रे म्हणजे वस्तूनं शोषलेल्या किरणांच्या ऊर्जेचं एकक).

बाटली परत आली ती चहाच्या रंगाची होऊन! आधी वाटलं आत काहीतरी सांडलं. तिथले दादा हसले, म्हणाले काच अशीच होते. आतल्या परमँगनेटकडे बघून मात्र काही कळत नाही, ते आधीच एवढं काळं. गंमत म्हणून एका बाटलीत खडेमीठ पण दिलं होतं, ते गुळासारखं पिवळट तपकिरी होऊन आलं.

आता अडचण. टीजीएचा (सॅम्पल तापवत त्याचं वजन मोजत राहणारं मशीन) पहिला सेट अख्ख्या स्फटिकांचा केला, मिनिटाला १० अंश, नायट्रोजनमध्ये. गॅमावाल्या सॅम्पलचं वजन साध्याच्या बरंच आधी घसरायला लागलं. मी खूश. पण दोन्ही ग्राफ दातेरी होते, मधेच वजन धपकन पडत होतं. मशीन चालवणारे म्हणाले, पावडर करून आणा. म्हणून दोन्ही अ‍ॅगेटच्या खलात दहा-दहा मिनिटं घोटली आणि पुन्हा रन केली. ग्राफ एकदम गुळगुळीत आले आणि एकमेकांवर असे बसले की दोन रेषा आहेत हे सांगावं लागतं.

मग पहिला फरक खरा होता की दातांचा भास? गॅमाचा परिणाम घोटल्यामुळे निघून जातो का? आणि वजनातली घट दोन्ही वेळी १२ टक्क्यांच्या आसपास आली, समीकरणावरून १०.१ यायला हवी. म्हणजे माझं सॅम्पलच खराब आहे का?

---

टीजीए_चालवतो · गुरुवार, सकाळी ८.१५

मॅडम, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो कारण तो सोपा आहे. सॅम्पल ठीक आहे. शाळेतलं समीकरण, दोन परमँगनेटमागे एक ऑक्सिजन, हे परीक्षेपुरतं. प्रत्यक्षात दहामागे सहाच्या आसपास ऑक्सिजन सुटतो, त्याचा हिशोब १२.१५ टक्के येतो. तुमचे १२ आले म्हणजे वजनं बरोबर घेतलीत.

दातेरी ग्राफचं कारण: परमँगनेट तापलं की मोहरीसारखं तडतडतं. कण उडून क्रुसिबलच्या बाहेर पडतात आणि काटा समजतो की वजन घटलं. त्यावर पावडर हा आळशी उपाय आहे. आमच्यासारखे ऑपरेटर तो सांगतात कारण मशीन आतून घासून साफ करायचं काम आमच्याच गळ्यात पडतं. खरा उपाय म्हणजे भोक असलेलं झाकण लावा आणि सॅम्पल पाच मिलिग्रॅमच्या वर नको.

आणि मिनिटाला १० अंशाने कशाला पळताय? या क्षाराची मजा सुरुवातीच्या थांब्यात आहे. २१० वर भट्टी धरून ठेवा, सॅम्पल ठेवा आणि घड्याळ लावून बसा. आधी बराच वेळ काही होत नाही, मग वेग पकडतं, मग मंदावतं. तो आडवा एस दिसला पाहिजे. तापमान पळतं ठेवलंत तर थांबा संपायच्या आत तुम्ही पुढच्या तापमानाला पोचलेल्या असता.

---

कोथरूडची_काकू · गुरुवार, सकाळी ९.०२

मी १९८६ ची बी.एस्सी., त्यामुळे निम्मं कळलं. पण मुली, ते कोबाल्टमध्ये ठेवलेलं परमँगनेट आणि ते तपकिरी मीठ तू हॉस्टेलवर आणून ठेवलं नाहीस ना? हात लावायला चालतं का ते? लासलगावला कांद्याला देतात तेच हे का?

---

जांभळी_बाटली · गुरुवार, सकाळी ९.२०

काकू, आई पण हेच म्हणाली. फोनवर सांगितलं तर आधी म्हणाली, "घरी येताना ते बरोबर आणू नकोस." मीठ माझ्या टेबलावरच आहे. 😬

---

निवृत्त_मास्तर · गुरुवार, सकाळी ११.३०

काकूंना आधी उत्तर देतो. किरण लागले म्हणजे वस्तू किरणोत्सर्गी झाली असं नाही. उन्हात वाळवलेले पापड रात्री चमकत नाहीत. कोबाल्ट-६० चे गॅमा किरण १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचे. अणूच्या गाभ्यातून न्यूट्रॉन उपटायचा तर सगळ्यात हलक्या हाताने सुटणाऱ्या बेरिलियमलाही १.६७ लागतात. त्यामुळे गाभ्याला धक्का नाही, जी मोडतोड होते ती इलेक्ट्रॉनांची आणि बंधांची. अणुभट्टीत न्यूट्रॉनांपुढे ठेवलं असतं तर मँगनीजचा मँगनीज-५६ झाला असता आणि मग मीही त्या बाटलीपासून लांब बसलो असतो. तोही अडीच तासांत निम्मा होतो म्हणा. आणि मौज अशी की किरण न लागलेलं परमँगनेटही किंचित किरणोत्सर्गी असतंच. त्यातल्या पोटॅशियममध्ये पोटॅशियम-४० जन्मापासून आहे, जसा केळ्यात आहे आणि काकूंच्याही अंगात आहे.

लासलगावचं म्हणाल तर होय, जात तीच. ते केंद्र २००२ चं. कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून १०० ग्रेच्याही आत देतात. २००७ पासून हापूस अमेरिकेला जाऊ लागला, त्याला किमान ४०० ग्रे. इंजेक्शनच्या सिरिंजा निर्जंतुक करायला २५ किलोग्रे. आणि ही बाई म्हणतेय २००. आंब्याच्या ५०० पट.

आता मूळ प्रश्न. विद्यार्थिनी आहेस म्हणून एकेरीवर येतो, राग मानू नकोस.

तुझा पहिला फरक खरा असावा, दुसऱ्या वेळी तो नाहीसा झाला हेही खरं. दोन्हीचं कारण एकच. घन पदार्थाचं विघटन पाण्यातल्या अभिक्रियेसारखं सगळीकडे एकदम होत नाही. ते कुठून तरी सुरू व्हावं लागतं. धडधाकट स्फटिकाच्या आत प्रत्येक आयन चहूबाजूंनी शेजाऱ्यांनी आवळलेला असतो, त्याला फुटायला जागा नाही. सुरुवात होते कडेला, कोपऱ्याला, जालकातल्या, म्हणजे आयनांच्या ठरलेल्या मांडणीतल्या, चुकलेल्या ओळीत. तिथे थोडं विघटन झालं की जे नवं बनतं त्याचं आकारमान जुन्या घरात बसत नाही, ताण येतो, भेग पडते. भेगेला दोन नव्या भिंती. तिथे पुन्हा सुरुवात, पुन्हा भेग. १९४४ मध्ये प्राउट आणि टॉम्पकिन्स यांनी त्यांचं समीकरण बसवलं ते याच क्षारावर. ऑपरेटर साहेबांनी सांगितलेला एस तो हाच. सुरुवातीचा थांबा म्हणजे पुरेशी सुरुवातीची ठिकाणं जमायला लागलेला वेळ.

गॅमा हेच करतात, फक्त भट्टी पेटायच्या आधी. आणि पृष्ठभागापुरतं नाही. त्यांना तुझं जिरं म्हणजे पारदर्शकच, आरपार जातात आणि वाटेत इलेक्ट्रॉन उडवत सुटतात. आयन मोडतात, जागचे हलतात, इलेक्ट्रॉन भलत्या खड्ड्यात अडकून बसतात. स्फटिक बाहेरून तसाच दिसतो, पण पोटात जागोजागी सुरुवातीची ठिकाणं तयार होऊन बसलेली असतात. तापवलं की थांबा आखूड.

किती आयन मोडले असतील त्याचा अंदाज घे. २०० किलोग्रे म्हणजे ग्रॅमला २०० ज्यूल. दर १०० इलेक्ट्रॉन व्होल्टना एक आयन मोडतो असं नुसतं धरून चालू. ग्रॅममागे साधारण १.२५ गुणिले दहाचा एकोणिसावा घात एवढे मोडतील. एक ग्रॅम परमँगनेटमध्ये आयन असतात ३.८ गुणिले दहाचा एकविसावा घात. म्हणजे तीनशेत एक, आणि मी सढळ हाताने धरलंय. तीनशेतल्या एकानं टीजीएच्या एकूण घटीत काय दिसणार? काही नाही. तो दिसतो घड्याळात.

आणि तू खलात काय केलंस? दहा मिनिटं घोटून प्रत्येक दाण्याच्या ठिकऱ्या केल्यास. कडा, कोपरे, भेगा, जालकाच्या चुका यांचा सडा घातलास, आणि तोही दोन्ही सॅम्पलमध्ये. सुरुवातीची ठिकाणं आता इतकी झाली की गॅमाची भर म्हणजे दर्यामें खसखस. घोटल्यानं गॅमाचा परिणाम निघून गेला नाही, साध्या सॅम्पललाही तोच परिणाम फुकट मिळाला.

दोन गोष्टी विचारून ठेवतो. एक, त्या खलात आधी कोण काय घोटत होतं? परमँगनेट आणि सेंद्रिय पदार्थाचा अंश खलात एकत्र घोटणं म्हणजे डोळ्यांची वाट लावून घेणं, पुन्हा करायच्या आधी खल नीट धू आणि वाळव. दोन, त्या स्टिकरवर तारीख कोणती आहे?

---

तर्कट · गुरुवार, दुपारी २.१०

मास्तर, एवढं कशाला? ग्रॅमला २०० ज्यूल तुम्हीच म्हणालात. क्षारांची उष्माधारकता साधारण ग्रॅमला एक ज्यूलच्या आत-बाहेर असते. म्हणजे सॅम्पल २०० अंशांनी तापलं. चेंबरमध्येच अर्धं भाजून निघालं, नंतर टीजीएत लवकर फुटलं. किरणबिरण काही नाही, भाजणी आहे ही.

---

निवृत्त_मास्तर · गुरुवार, दुपारी ३.४५

भाजणी एका मिनिटात होते, ५० तासांत होत नाही. २०० ज्यूल भागिले १,८०,००० सेकंद करा. ग्रॅमला एक मिलिवॉटच्या किंचित वर येतं. तेवढी ऊब काचेतून, हवेतून कधीच निघून जाते. चेंबरच्या आत थोडं कोमट असतं हे खरं, पण कोमट हवेनं परमँगनेट फुटत असतं तर मे महिन्यात पुण्यातल्या एकाही प्रयोगशाळेत त्याची बाटली टिकली नसती.

तरी शंका वाईट नाही. तिच्यावर एक स्वस्त उपाय आहे. साधं सॅम्पल तशाच काचेच्या बाटलीत, तेवढेच ५० तास, चेंबरमधल्या तापमानाच्या ओव्हनमध्ये ठेवायचं. म्हणजे दोघांच्या वाट्याला सगळं सारखं, किरण सोडून. परीक्षक हे विचारतातच.

---

कोथरूडची_काकू · गुरुवार, सायंकाळी ५.३०

म्हणजे विरजण की हो हे! दुधात चमचाभर विरजण घातलं की दही लवकर लागतं. गॅमा म्हणजे विरजण.

---

निवृत्त_मास्तर · गुरुवार, सायंकाळी ६.१०

जवळपास. विरजणातले जंतू दूधभर पसरतात. इथे बनलेला पदार्थ पसरत नाही, तो जागेवरच असतो. सरकते ती जुन्या-नव्याची सीमा आणि भेगा. पण दही लागायचा वेळ कमी होतो आणि दही मात्र तेच लागतं, तेवढं तुमचं अगदी बरोबर. अशा बऱ्याच क्षारांत मोजलं तर दिसतं की किरण दिल्यावर वेग वाढतो, पण अ‍ॅक्टिव्हेशन एनर्जी, म्हणजे फुटण्यासाठी ओलांडावा लागणारा ऊर्जेचा चढ, जवळजवळ जागची हलत नाही. सिंहगडाला एकीच्या दहा पायवाटा झाल्या, गड बुटका झाला नाही.

---

टीजीए_चालवतो · गुरुवार, रात्री ९.००

मास्तर, मग सगळ्याच क्षारांना चालतं का हे? माझ्याकडे कॅल्शियम ऑक्झॅलेट रोजचं आहे, त्यावरच मशीन तपासतो. तीन पायऱ्या: पाणी १२.३ टक्के, कार्बन मोनॉक्साइड १९.२, कार्बन डायऑक्साइड ३०.१. एका पोराने ते गॅमा देऊन आणलं होतं. मला तरी काही फरक दिसला नाही.

---

निवृत्त_मास्तर · गुरुवार, रात्री १०.२०

दिसायला नकोच, निदान खालच्या पायऱ्यांवर. पहिल्या पायरीला पाणी गेलं की जुनं जालक उरतच नाही, नवं बनतं. जुन्या घराच्या भिंतीला पडलेल्या भेगा नव्या घरात कशा येतील? शिवाय कार्बन मोनॉक्साइड सुटायला ४०० च्या वर जावं लागतं, तोवर राहिलेले दोष तापून बुजतात. शेवटची पायरी तर चुनखडीची, ती कार्बन डायऑक्साइडच्या दाबावर चालते. समतोल किरणांना भीक घालत नाही.

पोटॅशियम नायट्रेट घ्या. गॅमा लागले की त्यात थोडं नायट्राइट आणि ऑक्सिजन तयार होतो, हे नक्की. पण ते ३३४ अंशांना वितळतं आणि विघटन त्याच्या पुढे. वितळलं की स्फटिकाची सगळी आठवण पुसली. मागे राहिलं तर ते नायट्राइट, म्हणजे रसायन राहिलं, जखम गेली.

तेव्हा नेमका प्रश्न हा की किरणांनी केलेली जखम विघटनाच्या तापमानापर्यंत टिकते का. परमँगनेट २०० च्या आसपासच फुटायला लागतं, वितळत नाही, आधी पाणी सोडून घर बदलत नाही. म्हणून ते या खेळाला इतकं सोयीचं. जुन्या लोकांना हे कोबाल्टच्याही आधीपासून माहीत होतं. गार्नर आणि मून यांनी १९३३ मध्ये बेरियम ॲझाइडवर रेडियममधून निघणाऱ्या वायूचा परिणाम तपासला होता. ॲझाइडांचं नाव वाचून कोणाला हुरूप आला असेल तर तो आवरा. ती स्फोटक जात आहे, प्रोजेक्टचा विषय नाही.

जखम बुजताना डोळ्यांनी बघायची असेल तर तुझ्या टेबलावरचं ते गुळासारखं मीठ आहे ना, त्यातले चार खडे घे. मिठातल्या क्लोराइडच्या रिकाम्या जागेत इलेक्ट्रॉन अडकतो, रंग त्याचा. खोलीत पूर्ण अंधार कर. पूर्ण म्हणजे पूर्ण, मोबाइलसुद्धा पालथा. दहा-पंधरा मिनिटं डोळे सरावू दे. मग आधी तापवून ठेवलेल्या हॉट प्लेटवर खडे टाक. क्षणभर उजळतील आणि विझतील. दिवा लावून बघशील तर पांढरे. दोन खडे राखून ठेव आणि तशाच अंधारात पाण्यात टाक, विरघळतानाही पुसट उजेड देतात. आपल्याच विद्यापीठात हरी जीवन अर्णीकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्या उजेडावर बरंच काम केलं. अणुरसायनाची शाखा इथे त्यांनीच उभी केली. आम्ही ते अंधाऱ्या खोलीत एकदा पाहिलं होतं. शेजारी उभा असलेला मुलगा "दिसलं, दिसलं" म्हणत होता आणि मला काहीच दिसत नव्हतं, कारण मी मधेच काडी ओढून घड्याळ बघितलं होतं.

आणि चेंबरवर जाताना एप्रनला अंगाला किती किरण लागले ते मोजणारा बिल्ला लावला होतास ना? त्यातल्या चकत्यांत कॅल्शियम सल्फेट आहे, डिस्प्रोशियमची चिमूट घातलेलं. किरण लागलेला धातूचा क्षार तापवायचा आणि काय होतं ते मोजायचं. तुझा प्रोजेक्ट तू छातीवर लावून फिरत होतीस.

---

तर्कट · गुरुवार, रात्री ११.०५

भाजणी मागे घेतो. बिल्ल्याचं माहीत नव्हतं.

---

जांभळी_बाटली · शनिवार, दुपारी १.१५

उशीर झाला, सॉरी. परवाच पहिला समतापी रन लावला होता, २१० वर, झाकण लावून, अख्खे स्फटिक. चाळीस मिनिटं झाली आणि लाइट गेली. गुरुवार, लाइट जायचा वार, मी विसरलेच! यूपीएसने कॉम्प्युटर वाचवला, भट्टी नाही. वीज आली तेव्हा आतलं सॅम्पल ना इकडचं ना तिकडचं. काल पुन्हा केलं.

मास्तर, दिसला. आडवा एस. साध्या स्फटिकांचा ग्राफ इतका वेळ सपाट राहिला की मी खाली जाऊन चहा पिऊन आले तरी तो तिथेच. गॅमावाले त्याच्या निम्म्या वेळात वळले. आणि एकदा वळल्यावर दोन्हींचा उतार डोळ्यांना साधारण सारखाच दिसतो. मग घोटलेलं साधं केलं, ते गॅमा दिलेल्या अख्ख्यापेक्षाही आधी वळलं. म्हणजे खल जिंकला.

खलाचं विचारलंत ते बरं झालं. आधीच्या बॅचने त्यात बेंझॉइक ॲसिड घोटलं होतं. हे मला लॅब असिस्टंटनी काल सांगितलं, मी दहा मिनिटं घोटून झाल्यावर दोन आठवड्यांनी. हात गार पडले.

आता स्टिकर. फोन करून तारीख विचारली. जानेवारी २०२०. मी सॅम्पल ठेवलं जानेवारी २०२५ ला. कोणी बोललं नाही, मीही विचारलं नाही.

---

निवृत्त_मास्तर · शनिवार, दुपारी २.००

कोबाल्ट-६० दर महिन्याला साधारण एक टक्का मावळतं. अर्धायुष्य ५.२७ वर्षं. पाच वर्षांत किती उरलं?

---

जांभळी_बाटली · शनिवार, दुपारी २.२५

०.५१८. म्हणजे तासाला ४ नाही, २.०७ किलोग्रे. एकूण १०४. आणि तुमचा तीनशेत एक आता सहाशेत एक झाला. प्रबंधाची तेरा पानं टाइप झालीत आणि प्रत्येक ग्राफखाली २०० लिहिलंय. 😭

---

टीजीए_चालवतो · शनिवार, दुपारी २.४०

फाइंड-रिप्लेस मारा. फक्त २०० अंश तापमानाचंही १०४ करून ठेवू नका. झालंय असं आमच्याकडे.

---

निवृत्त_मास्तर · शनिवार, दुपारी ३.१०

१०४ सुद्धा कागदावरचेच. मोजलेले नाहीत. मोजायचे तर हिराकस घे, म्हणजे आपलं फेरस सल्फेट, पातळ गंधकाम्लात हवा लागलेलं द्रावण कर. याला फ्रिक डोसिमीटर म्हणतात. गॅमा लागले की फेरसचं फेरिक होतं, दर १०० इलेक्ट्रॉन व्होल्टना १५.६ आयन, आणि ते ३०४ नॅनोमीटरला स्पेक्ट्रोमीटरवर वाचता येतं. पण ४०० ग्रेच्या पुढे त्यातला ऑक्सिजन संपतो आणि आकडे खोटे येतात. तुझ्या चेंबरमध्ये ४०० ग्रे १२ मिनिटांतच होतील, तेव्हा ३, ६ आणि ९ मिनिटं असे तीन घे. बाटली परमँगनेटची होती तिथेच, त्याच उंचीवर ठेव. चेंबरच्या मधोमध आणि कडेला मात्रा सारखी नसते.

आणि एक विसरलो. गॅमा देऊन किती दिवसांनी रन केलं ते प्रत्येक ग्राफवर लिही. काही जखमा बाटलीत बसल्या बसल्याही थोड्या बुजतात. पहिला सेट आणि कालचा सेट यांच्यात किती दिवस गेले?

---

जांभळी_बाटली · शनिवार, दुपारी ३.३०

तेवीस. वहीत लिहिलंय, देवाची कृपा. डोसिमीटरसाठी मंगळवारची वेळ मिळाली, स्टिकर लावणाऱ्या दादांनाच बोलावलंय.

काल रात्री रूममेटला घेऊन मिठाचं केलं. हॉट प्लेट लॅबमध्ये राहिली म्हणून मेसच्या मावशींकडून जुना तवा आणला. मावशींना सांगितलं की यावर परत पोळ्या करू नका, तर म्हणाल्या, "मिठानं तव्याला काय होतंय?" अंधार केला, पंधरा मिनिटं बसलो, खडे टाकले. निळसर पांढरं काहीतरी एकदम पसरलं आणि गेलं. रूममेट कॉमर्सची आहे. ती म्हणाली, अजून आहेत का?

दोनच उरले होते, पाण्यासाठी राखलेले. तेही तव्यावर टाकले.

---

कोथरूडची_काकू · शनिवार, दुपारी ४.००

आईला सांगितलंस का?

---

जांभळी_बाटली · शनिवार, दुपारी ४.०५

नाही 😄